जहाज थांबत नाही, माल मागे राहतो

‘रेल्वे तुंबली की जहाजं उशिरा सुटतात’ हे बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्यांच्या कोंडीवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. जहाज आपल्या मालासाठी सहसा थांबतच नाही. गेट कट-ऑफच्या, म्हणजे बंदरात माल आत घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आत कंटेनर पोचला नाही की तो पुढच्या जहाजावर ढकलला जातो, आणि ते बहुतेक वेळा आठवड्यानंतरचं. नागपूरहून परदेशी जाणाऱ्या सुताची कागदपत्रं मी बघतो. गाडी वेळेत भरून निघते आणि मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या अलीकडे कुठेतरी लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते, कारण वाट आधी प्रवासी गाड्यांना. तोवर एलसीवरची (खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची हमी देणारं पत्र) माल जहाजावर चढवायची शेवटची तारीख उलटते. मग ती वाढवून घ्यायला खरेदीदाराच्या हातापाया पडायचं, आणि बँकेचे चार्जेस आपल्याच माथी.

आणखी एक गोष्ट लेखात आलीच नाही. एकाच गाडीत बंदरातल्या वेगवेगळ्या टर्मिनलांचे (जहाजं भरायच्या धक्क्यांचे) कंटेनर असतात. गाडी एका ठिकाणी रिकामी होते, उरलेले ट्रेलरवर चढवून दुसऱ्या टर्मिनलला न्यायचे, तिथे पुन्हा रांग. नुसती नवी लाइन टाकून हे सुटणार नाही. एका गाडीत एकाच टर्मिनलचा माल, ही शिस्त जिथे गाडी भरते त्या कंटेनर डेपोतूनच लागायला हवी.