अस्वल उभं करायचं की रेघ मारायची?

यंदा आमच्या मंडळाचा गणपतीचा देखावा हवामानबदलावर आहे. सांगलीत हा विषय निवडला हे चांगलंच झालं, पण दाखवायचं काय, यावर काल कट्ट्यावर चांगलीच जुंपली.

सचिनचं म्हणणं, बर्फावर हाडं दिसणारं पांढरं अस्वल उभं करू. "लोकं थांबतील, हळहळतील."

"हळहळतील आणि पुढच्या मंडळाकडं जातील," वैशाली म्हणाली. तसल्याच एका अस्वलाची हकिकत तिनं सांगितली. २०१७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडं टिपलेला, पाय ओढत चालणाऱ्या उपाशी अस्वलाचा व्हिडिओ जगभर फिरला. हवामानबदल असाच दिसतो, अशा अर्थाची ओळ नॅशनल जिओग्राफिकनं त्यावर टाकली होती. पुढच्याच वर्षी त्यांना मान्य करावं लागलं की हा संबंध जोडताना आपण फार पुढं गेलो. ते अस्वल नेमकं कशानं खंगलं होतं, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. "बर्फ वितळतोय हे खरंच आहे. पण चित्रानं पुराव्यापेक्षा जास्त बोललं, की न मानणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत." मला हे शंभर टक्के पटलं.

इम्राननं मोबाइल पुढं केला. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये केलेल्या तापमानाच्या पट्ट्या. एका वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्ष निळं, गरम वर्ष तांबडं. ना आकडा, ना अक्षर. डावीकडून निळं निळं येत उजव्या कडेला रंग साकळलेल्या रक्तासारखा होतो. मला त्या फार आवडतात. पण सचिनचा प्रश्नही रास्त होता: "हे कशाचं आहे, ते सांगायला माणूस कोण उभा राहणार?"

मग वैशालीनं तिचं काढलं. पुराची रेघ. मंडळाच्या खोलीत कपाटामागं २०१९ च्या गाळाची रेघ अजून आहे, वरून डिस्टेंपर मारला तरी ओल धरून वर येते. तीच ठळक रंगवायची, बाजूला साल घालायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. पण ५७ फूट म्हणजे आपल्या उंबऱ्यापासून किती वर, हे नव्या भाडेकरूला कोण सांगतं?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बापू इतका वेळ गप्प होते. "मग तुम्हीही अस्वलच करताय की! पूर काय एकट्या हवामानबदलानं आला? पात्रालगतची बांधकामं, ओढ्यांतले भराव, धरणांचे विसर्ग, ते कुठं गेलं?"

"म्हणून रेघेखाली कारण लिहायचंच नाही, बापू," वैशाली म्हणाली. "फक्त साल आणि फूट. फलक वेगळा लावू: हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. आणि त्याच फलकावर तुमचे भरावही."

बापूंना ते चाललं. तेच पुढं म्हणाले, "नकाशावर पूररेषा आहेतच. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. कुणी बघितल्यात?" एकानंही बघितल्या नव्हत्या. सरकारी नकाशातली ही रेष गल्लीच्या भिंतीवर का येत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

कारण सचिननं सांगितलं. "घरमालक मारू देतील का रेघ? भाडं पडतं, प्लॉटचा भाव पडतो." खरा अडसर हा आहे. अस्वलानं कुणाच्या प्लॉटचा भाव उतरत नाही, म्हणून त्याला कुणाची हरकत नसते.

इम्रान म्हणाला, खोली आपली आहे, शाळेच्या भिंतीसाठी मुख्याध्यापकांना भेटू, घरमालकांचं पुढचं पुढं. बापूंनी एक अट घातली: नुसती रेघ मारून लोकांना घाबरवायचं नाही, किती फुटाला सामान माळ्यावर टाकायचं आणि किती फुटाला घर सोडून कुठल्या रस्त्यानं निघायचं, हे रेघेशेजारीच लिहायचं. तो मजकूर ते स्वतः लिहून देणार आहेत. सचिनचं मन अजून अस्वलातच आहे, पण रंगाचा डबा आणायचं त्यानं कबूल केलंय.