शंभर पावलं की दहा हजार?

काल जेवणं उरकून साडेनवाला कट्ट्यावर पोचलो तर मन्या आधीच येऊन बसलेला, चेहरा पार उतरलेला. काय झालं विचारलं तर खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची टेस्ट) 6.1. मी म्हटलं अरे डायबेटिस 6.5 पासून धरतात, 5.7 ते 6.4 म्हणजे तू अजून उंबरठ्यावर आहेस, तर शिऱ्या म्हणतो "हो पण चपला काढून झाल्यात त्याच्या".

झालं, मग सल्ले सुरू. पक्याने मनगट पुढे केलं, नवीन घड्याळ, "रोज दहा हजार स्टेप्स, बाकी काही बघू नको". मी विचारलं दहाच हजार का रे, साडेसात का नाही? तर म्हणे सायन्स आहे. अरे कसलं सायन्स, टोकियोला ऑलिम्पिक झालं 64 साली, त्यानंतर 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ठेवलं मानपो-केई म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर, आणि तो गोल आकडा जगाला चिकटला. चालणं चांगलंच, पण मन्यासारखा माणूस पहिल्या दिवशी दहा हजार करतो, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी घड्याळ ड्रॉवरमध्ये जातं.

तेवढ्यात नाना बोलले, "आम्ही शतपावली घालायचो, कुठलं घड्याळ नि कुठलं काय." शिऱ्याने लगेच पकडलं, "नाना, शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट, त्यात काय होतंय?" नाना शांतपणे म्हणाले, "शंभरावर थांब असं तुला कोणी सांगितलं?" यावर शिऱ्या गप्प. शिऱ्या गप्प होणं ही आमच्या कट्ट्यावर बातमी असते.

आणि खरं सांगू, मी नानांच्या बाजूने आहे. जेवल्यावर रक्तात साखर चढते आणि नेमकं त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लागले की ते ती साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर सगळा भारही पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्या चालीने, बास. परत जेवण काही आपण विसरत नाही, त्यामुळे त्याच्या शेपटाला बांधलेलं चालणंही विसरत नाही, पहाटे पाचला उठून जॉगिंग वगैरे संकल्प मात्र पहिल्या थंडीत गारठतो.

पक्या हार मानणारा नाही. "मी सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेतो, फॅट वितळतं." मी म्हटलं वितळायला ते काय तूप आहे का? मधही शेवटी साखरच, चमचाभर काय नि दोन चमचे काय. लिंबू घ्यायचंच तर पोह्यांवर, पालकाच्या भाजीवर पिळ ना, त्यातल्या सी व्हिटॅमिनने लोह नीट अंगी लागतं. आणि जेवणाला लागूनच चहा ढोसलास की चहातलं टॅनिन ते लोह अडवतं, तासभर तरी अंतर ठेव. हे बोलताना माझ्या हातात कटिंग होता, सगळ्यांनी बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

चहावरून खरी लढाई झाली. मन्याचे दिवसाला सहा कटिंग. प्रत्येकात चमचाभर जरी धरली तरी पंचवीस-तीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असं डब्ल्यूएचओ म्हणतं, म्हणजे बिस्किटाच्या आधीच कोटा संपला. मन्या कळवळून टपरीवाल्याला म्हणाला, "मामा, उद्यापासून माझा बिनसाखरेचा." मामा पातेलं ढवळत म्हणाले, "साखर ह्यातच पडते ओ, तुमची वेगळी काढून देऊ काय?"

म्हणजे कमी साखर हा पर्यायच नाही, कपच कमी करायचे. मन्याने सहाचे तीन कबूल केले, बरीच घासाघीस करून, भाजीवाल्याशी पण इतका भांडत नाही. आणि शतपावली उद्यापासून सगळ्यांनी मिळून, कट्टा ते गणपती मंदिर, दोन फेऱ्या.

आज मन्या बरोबर साडेनवाला हजर. दोन गल्ल्या सोडून राहतो, स्कूटरवर आला.