मेट्रो राहू द्या, आमची पॅसेंजर वेळेवर सोडा

आज सकाळी परत तेच. बुटीबोरीच्या अलीकडे नागपूरला जाणारी आमची गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली. आधी सुपरफास्ट गेली, मग कोळशाची मालगाडी, मग आणखी एक एक्स्प्रेस. डब्यात दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, नागपूरला दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. कोणी चकार शब्द काढला नाही. या मुकाट्यानं बसण्याचीच चीड येते.

आणि नेमकं तेव्हाच ग्रुपवर ब्रॉडगेज मेट्रोचं, म्हणजे रेल्वेच्याच रुळांवरून धावणार म्हणतात त्या मेट्रोचं चित्र आलं. 2018 मध्ये करार झाला राजेहो! नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा रोड. चित्रातले डबे एसी आहेत. आमच्या सिंदीच्या फलाटावर मात्र अजून आम्ही पॅसेंजरचीच वाट पाहतो.

माझी पुतणी बुटीबोरीला एमआयडीसीत कामाला होती. घरातली पहिली पगारदार पोरगी. गाडी लेट झाली की हाफ डे कापायचे. शेवटी एका संध्याकाळी आली आणि दारातच म्हणाली, "काकाजी, सायेब म्हणते उद्यापासून येऊ नको." हातात डबा तसाच, न उघडलेला.

मान्य, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटांच्या गाड्या सेवाग्राम-नागपूर पट्ट्यात एकाच मार्गावर येतात, म्हणून तिसरी-चौथी लाईन टाकणं चालू आहे. पण तोवर दरवेळी आमचीच गाडी का बाजूला काढायची? कोरोनानंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं तिकीट लावलं, दहाचे तीस घेतले, ते 2024 मध्ये कमी झाले. तीस घेत होते तेव्हाही लूपवर आम्हीच उभे होतो!

स्टेशनवरच्या माणसांवर राग नाही. वरून सिग्नल आल्याशिवाय ते तरी काय करतील. भर उन्हात गाडी थांबली की तेच बिचारे म्हाताऱ्यांना पाणी आणून देतात.

नागपूरची मेट्रो 2019 ला खापरीपर्यंत धावली, पुढे बुटीबोरीपर्यंत नेणार आहेत. चांगलंच आहे. पण पुतणी सिंदीहून जायची, आणि इथं रूळ इंग्रजांच्या काळापासून आहेत. आता ती घरी शिलाई मशीनवर बसते. विचारलं तर म्हणते, "बरं आहे काकाजी." बरं नाही, मला माहीत आहे.

आठच्या आत बुटीबोरी आणि साडेनऊच्या आत नागपूरचं अजनी स्टेशन गाठणारी एक गाडी द्या. साधे डबे चालतील, उभ्यानं जाऊ, पण तिला लूपवर टाकू नका.

निवेदन लिहायला घेतलंय. तुळजापूर, सिंदी, बोरखेडीच्या अपडाऊनवाल्यांनी रविवारी सह्या द्यायला या. येताना पास घेऊन या, त्याची झेरॉक्स जोडायची आहे.