नुसतं मऊ करून भागत नाही

गिळायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना सणाच्या जेवणात मऊ पदार्थ द्या, असं एका लेखात वाचलं. बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. खरी पंचाईत होते ती घट्ट आणि पातळ एकत्र असलेल्या घासाची. फोड अजून चावून व्हायची असते आणि रस्सा आधीच घशात उतरतो. अनेकांना तर साधं पाणीच जास्त बाधतं, कारण ते झरकन खाली जातं आणि श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. म्हणून कुणाला किती दाट हवं, हे स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून) ठरवून घ्या. त्यासाठी ० ते ७ अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका. काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येतच नाही. आवाज ओलसर, घरघरता झाला की घास थांबवा. ताठ बसवणं, जेवल्यावर अर्धा तास आडवं न होऊ देणं हे तर आलंच.

आणि कृपा करून सगळं एकत्र मिक्सरमधून काढू नका! प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा, वेगळा वाढा. रंग दिसला, चव कळली तरच खावंसं वाटतं. सगळ्यांबरोबर जरूर बसवा, फक्त तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका. माझ्या सासऱ्यांना पाहुणे हौसेने बोलतं करायचे आणि नेमका तेव्हाच ठसका लागायचा. आता आम्ही पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो.