शंभरला किती चक्कर?

परवा, म्हणजे दिवाळी संपल्या संपल्या, एका गृहस्थानं माझ्या तळहातावर वीसची नोट ठेवली, स्वतःच्या हातानं माझी मूठ मिटवली आणि म्हणाला, "असू दे, पोरांना खाऊ घ्या." माझा पोरगा बारावीला आहे, मला खांद्यावरून खाली बघतो, त्याला वीस रुपयांत खाऊ येत नाही. आणि मी पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे, लोकांच्या खिशातून पैसे बाहेर काढणं हा माझा धंदा, त्यात माझा हातखंडा आहे असं आमचे चेअरमनसुद्धा म्हणतात. तरी त्या माणसापुढं मी नोट घेऊन उभा राहिलो, ते पण हातात घोड्याचा दोर धरून.

झालं असं की आमचे साडू सांगलीचे, विश्रामबागेत राहतात, आणि त्यांना मोबाईलवर अमेरिकेतले लोक घोडे घेऊन जंगलात मुक्कामाला जातात त्याचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. तिकडं म्हणे सरकारी जंगलात घोडेवाल्यांसाठी वेगळे कॅम्पच असतात. घोडा बांधायला कठडे, लोखंडी कुंपणाचे कप्पे, पाण्याची सोय. घोडा थेट झाडाला बांधायचा नाही, कारण तो साल खातो आणि टापांनी मुळं उकरतो, म्हणून दोन झाडांच्यामध्ये डोक्याच्या वर दोर ताणायचा, झाडाला काचू नये म्हणून खाली रुंद पट्टा, आणि त्या ताणलेल्या दोराला घोडा. पाण्यापासून लांब. लीद पसरून टाकायची. आणि बऱ्याच जंगलात बाहेरचं गवत नेणार असाल तर त्यात तणाचं बी नाही असा दाखला लागतो. गवताला दाखला! आमच्याकडं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणूस तीनदा हेलपाटे मारतो, आणि तिसऱ्यांदा गेला की नेटवर्क नसतं, आणि नेटवर्क आलं की साहेब जेवायला गेलेले असतात. पण ते जाऊ दे.

साडूंच्या ओळखीत कराडजवळ एकाची लग्नाची घोडी आहेत. दिवाळी ते तुळशीचं लग्न एवढे दिवस त्यांना काम नसतं, तुळशीचं लग्न लागलं की मग लग्नसराई आणि घोड्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यामुळं दोन घोडी स्वस्तात मिळाली, बादल आणि राणी, टेम्पोसकट. मालकानं चंदी, तोबरे, खरारा सगळं बरोबर बांधून दिलं आणि दर दोन तासांनी फोन करत राहिला. बादलनं पाणी पिलं का, राणीनं लीद नीट टाकली का. आम्ही जेवलो का हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही.

जागा पाटणच्या पुढं, कोयनेच्या अंगाला. आत सगळा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला, तिथं घोडं काय, विनापरवाना माणूसपण शिरू शकत नाही. पण जंगलाच्या तारेच्या अलीकडं आता ज्याचं रान त्याचा कॅम्प. भात काढला की खाचरात तंबू पेरायचे, बोर्ड लावायचा, निसर्गाच्या कुशीत. आमच्या कॅम्पवाल्याचं पावतीपुस्तक छापील होतं, त्यात माणूस, तंबू, चारचाकी, कॅमेरा असे रकाने. घोडा कुठंच नाही. त्यानं पेन कानाला लावून बराच विचार केला आणि 'इतर'मध्ये लिहिलं, मोठे नग २. पैसे मात्र नगाला माणसाएवढेच लावले. का, तर पाणी लागतं. ते एक खरंय, घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितं आणि ह्याच्याकडं नियम तंबूला दोन बादल्या. मग आम्ही दोघं विहिरीवरून हंडे वाहतोय आणि बादल एका दमात बादली रिकामी करून आमच्याकडं बघतोय, पुढची कुठंय म्हणून.

रात्री शांतता असेल ही आमची समजूत शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी आठ वाजताच दूर केली. त्यांच्याकडं सुटकेसएवढा स्पीकर होता. जंगलात येऊन ढोलताशा कशाला लावायचा हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, तारेच्या पलीकडं गवे आहेत, बिबट्या आहे, आणि अलीकडं हे मिरवणूक काढतायत. कॅम्पवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "पैसे भरल्यात त्यांनी." बरोबर आहे. आम्ही फुकट आलोय. असो. तर ताशा सुरू झाला आणि बादलचे कान उभे राहिले. आम्ही विसरलोच होतो की हे वरातीचं घोडं आहे, ह्याला शिंगरू असल्यापासून हलगीवर पाय उचलायला शिकवलंय. बघता बघता त्यानं मान वाकवली, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि त्या अमेरिकन पद्धतीनं ताणलेल्या दोराखाली जागच्या जागी असा काय नाचायला लागला की सगळा कॅम्प मोबाईल घेऊन आमच्या तंबूपुढं. साडू कौतुकानं शिट्ट्या मारतायत. कुणीतरी नोटसुद्धा ओवाळली, ती कॅम्पवाल्यानं उचलली.

रात्रभर नाल आपटत होते. घोडं उभ्या उभ्या झोपतं, त्याच्या पायांच्या सांध्यांना तशी सोयच असते, पण ते झोपलं म्हणून मला झोप आली असं नाही.

सकाळी मी राणीला खरारा करतोय, डोक्याला मफलर, अंगात जुना स्वेटर, दाढी वाढलेली, आणि मागनं आवाज.

"ओ घोडेवाले!"

मी आजूबाजूला बघितलं. माकडटोपी, थ्री-फोर्थ पँट, पायात पांढरे मोजे आणि त्यावर सँडल असे एक काका उभे. गाडी कुठल्या पासिंगची होती ते सांगत नाही, उगाच वाद नको.

"तुम्हालाच. शंभरला किती चक्कर?"

"काका, आम्ही कॅम्पिंगला आलोय."

"आम्हीपण त्यालाच आलोय," काका म्हणाले. "शंभरला किती?"

"भाड्याची घोडी नाहीत ही." हे वाक्य मी म्हणालो आणि म्हणता म्हणता जाणवलं की तसं बघितलं तर भाड्याचीच आहेत. काकांना माझी ही एका सेकंदाची चलबिचल दिसली असणार.

"वेण्णा लेकला किती घेतात माहितीये मला. पाचगणीला टेबललँडवर पण बसवलंय मी ह्याला. उगाच सीझनचा भाव सांगू नका, इथं सीझन नाही." ह्याला म्हणजे नातवाला. तो आठेक वर्षांचा, हातात चकली, आणि ती चकली त्यानं बोलता बोलता राणीच्या तोंडापुढं धरलेली. मी ती हिसकावूनच घेतली. घोड्याला उलटी करता येत नाही हो, पोटात गेलं ते पुढंच सरकणार, आणि अचानक वेगळं काही खाल्लं तर पोटशूळ उठून जातं सुद्धा जनावर. हे मी सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नातवाला म्हणाले, "बघ, काकांना त्यांच्या धंद्याची केवढी माहिती आहे."

"धंदा नाही काका. मी पतसंस्थेत आहे. वसुली अधिकारी."

इथं त्या माणसाचा चेहरा जो बदलला तो मी जन्मात विसरणार नाही. एकदम मऊ झाला. ते दोन पावलं पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हल्ली एका पगारात भागतंय कुणाचं? आमच्या सोसायटीचा वॉचमन बी.कॉम. आहे."

"अहो खरंच आम्ही हौसेनं—"

"कष्टाला लाज कसली?" मग मागं वळून हाक, "अगं ऐकलंस का, हे बँकेत पण आहेत!"

तंबूतून काकूंचा आवाज, "मग स्कॅनर असेल, विचारा!"

"स्कॅनर आहे का?"

मी साडूंकडं बघितलं. साडू खुर्चीत बसून पोह्यावर शेव टाकत होते. इतक्या वर्षांचं नातं, ह्यांच्या पोराच्या क्लासची फी मी पुढं होऊन भरलीय एकदा, वाटलं आता उठतील, चार शब्द बोलतील. उठले नाहीत. तिथनंच म्हणाले, "शंभरला दोन बसतील काका. पण पोरगं एकटं नको, मामा दोर धरतील."

मामा म्हणजे मी.

आणि मी धरला. का धरला ह्याला उत्तर नाही, सगळ्या कॅम्पच्या देखत पोरगं खोगिरावर बसलेलं होतं, रिकिबीत पाय पोचत नव्हते, उतरवून रडवणार कोण? दवानं खाचर भिजलेलं, चपलेला चिखल, आणि काका पुढं उलटे चालत शूटिंग करतायत. "मामा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." मी बाजूला झालो. "दोर नका दिसू देऊ, एकटा बसलाय असं वाटू दे." घोडं माझ्या हातात आहे आणि मी दिसायचं नाही. पोरगं वरनं टाचा मारतंय, "रात्रीसारखं नाचव ना, नाचव ना." त्याला कोण सांगणार की नाचलेलं ते बादल, ही राणी, हिच्यावर नवरी बसते, ही मुळात गंभीर आहे.

दोन चक्कर झाले. काकांनी पाकीट काढलं, शंभरची नोट बघितली, परत आत ठेवली आणि वीसची काढली. "शंभर ठरले होते," मी म्हणालो. होय, मी म्हणालो असं! आता वसुलीचा माणूस आहे म्हटल्यावर तोंडातनं गेलंच.

"नाचला असता तर दिले असते," काका म्हणाले. "डान्सचे धरून शंभर बोललो होतो मी."

दहाच्या सुमाराला रस्त्यानं मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे तांडा, निघालेला दिसला. फलटणकडचे धनगर, भातं निघाली की घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडाला परत वर देशावर. मेंढरं पुढं, मागं चार घोडी, त्यांच्यावर सगळा संसार, वाघरीची जाळी, भांडी, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि एकीवर पिशवीतनं नुसती मुंडकी काढलेली दोन नवी कोकरं. एक म्हातारे बाबा आमचा दोर बघून थांबले. खाली बघितलं, वर बघितलं.

"वर का बांधलंय ओ? झाडाव चढतंय व्हय?"

साडूंनी त्यांना अमेरिका समजावून सांगितली. साल, मुळं, पट्टा, सगळं. बाबांनी राणीचा पुढचा पाय उचलून नाल बघितला, टापेतला खडा काडीनं काढून टाकला, जो आमच्या दोघांना रात्रभर दिसला नव्हता, आणि विचारलं, "हितं राह्याचं किती घेत्यात?" आकडा सांगितल्यावर ते हसले नाहीत, नुसतं "आँ?" म्हणाले. "आन आमाला म्हणत्यात थांबू नका, सरळ वाटंनं चला. रानाकडंला बसलो का शिट्टी मारत येत्यात." आत चराईला बंदी आहे, ती असावीच, वाघासाठी राखलेलं रान आहे ते. पण तारेच्या अलीकडच्या ह्या खाचरातसुद्धा त्यांची मेंढरं नको होती आणि आमचा सुटकेसएवढा स्पीकर चालत होता. पिढ्यानपिढ्या घोडी घेऊन उघड्यावर मुक्काम करणारा माणूस रस्त्यानं चालला होता आणि आम्ही, ज्यांना खडा काढता येत नाही, ते पावती फाडून निसर्गप्रेमी. ते मला तेव्हा जरा लागलं, पोह्यांबरोबर गिळलं.

कोकणात काय करता विचारलं तर म्हणाले, शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंड्यांचं खत होतं, त्याचं भात देतात. रात्रीचं रात्री मोजून. एवढं बोलून गेले, मेंढरं लांब गेली होती.

दुपारी हिशेब. तंबू, जेवण, मोठे नग, आणि खाली एक नवीन ओळ, स्वच्छता तीनशे.

"हे कसलं?"

"लीद ओ. दोन जनावरांची घाण कोण काढणार?"

कोण काढणार ते समोरच दिसत होतं. त्याची बायको घमेलं भरभरून ती लीद घराच्या मागं वांग्यांच्या वाफ्यात नेऊन टाकत होती, आणि काय वांगी होती, एकेक मुठीएवढं. मी म्हणालो, "अहो, आत्ता तो म्हातारा सांगून गेला, खताचे पैसे शेतकरी देतो, जनावरवाला नाही." तो म्हणाला, "त्यांचं वेगळं. तुम्ही टूरिस्ट." साडू म्हणाले, "जाऊ द्या ओ दाजी, तीनशेनं काय होतंय." त्यांनी दिले नाहीत, मीच दिले. पावती घेतली, त्यावर पुन्हा 'इतर'.

टेम्पोच्या फळीवर चढता चढता बादल थांबला, शेपूट वर केली, आणि चांगली गरमागरम वाफाळती पाटीभर लीद खाली. कॅम्पवाला घमेलं घेऊन पळत आला. मी फळीपुढं आडवा उभा राहिलो.

"हिचे शंभर," मी म्हणालो.

"बँकेत आहात म्हणत होता ना तुम्ही?" तो म्हणाला, आणि माझ्या पायाशेजारनं फावडं घातलं.