'टॅग म्हणजे शेवटी एक कागद': मॅडिसनकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मॅडिसनकर साहेब,

'आधी टॅग, मग सुरी' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी शनिवारी रात्री वाचली, रविवारी सकाळी पुन्हा वाचली आणि चहा गार झाल्यावर तिसऱ्यांदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. ते काही जमत नाहीये.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा लेख अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हरीण मारल्यावर ते हलवायच्या आधी कानाला टॅग बांधण्याबद्दल होता. टॅग म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी, शिकारीची तारीख, वेळ, ठिकाण भरायची चिठ्ठी. साहेब सत्तावीस वर्षं विस्कॉन्सिनात हरणांची शिकार करतायत. त्यांचे मुद्दे असे. पेनसिल्व्हेनियात शिकारीचा अहवाल पाच दिवसांत द्यावा लागतो असं मी लिहिलं, ते चूक आहे. विस्कॉन्सिनने 2017 पासून हरणाला टॅग बांधायची सक्तीच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंद केली की झालं, आणि तरीही तिथली हरणं संपलेली नाहीत. पेनसिल्व्हेनियातले निम्म्याहून जास्त शिकारी अहवाल देतच नाहीत, मग टॅगचं एवढं कौतुक कशाला? आणि हे सगळं मराठीत लिहिणं म्हणजे नुसतं मिरवणं. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे: "अरे, टॅग म्हणजे शेवटी एक कागद आहे. त्याची पूजा मांडू नकोस."

आधी त्या 'अरे'बद्दल बोलू. तुमच्या प्रतिक्रियेत पहिल्या परिच्छेदात मी 'आपण' आहे, दुसऱ्यात 'तुम्ही' आणि तिसऱ्यात एकदम 'अरे'. आणखी एक परिच्छेद लिहिला असतात तर बहुतेक 'ए' झालो असतो. आपण कधी भेटलेलो नाही. मी पन्नाशी ओलांडलेली आहे, मुलगा कॉलेजात आहे. मला 'अरे' म्हणणारी माणसं आता जगात तीन उरली आहेत, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं आहे. त्या यादीत तुमची भर घालायची माझी तयारी नाही. सत्तावीस वर्षं मचाणावर बसल्याने नेम सुधारतो हे मान्य, पण अनोळखी माणसाशी कसं बोलावं हे मचाणावर शिकवत नसावेत.

चूक मात्र चूक आहे. पेनसिल्व्हेनियात हरणाचा अहवाल दहा दिवसांत द्यायचा असतो, पाच नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे. मी स्वतः त्याच रात्री फोन करून मोकळा होतो, त्यामुळे आकडा कधी डोक्यात बसलाच नाही. धन्यवाद.

आता पूजा.

मी त्या लेखात काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा. गोळी लागलेलं हरीण पडल्यावर थोडा वेळ जागेवरच थांबा. मग मागच्या बाजूने जवळ जा. काटकीने डोळ्याला स्पर्श करून बघा. पापणी हलली तर अजून जीव आहे. हरीण मेल्याची खात्री पटली की रायफल रिकामी करा. मग टॅगवर बॉलपेनने तारीख, वेळ आणि ठिकाण भरा, कानाला सुरीने चीर पाडा आणि दोरीने टॅग बांधा. हे सगळं हरीण जागेवरून हलवायच्या आधी. यात तुम्हाला अगरबत्ती कुठे दिसली? नारळ कुठे फोडला मी? कानाला चीर पाडण्यात कसली आलीय पूजा!

तुमचा राग बहुधा 'हलवायच्या आधी' या दोन शब्दांवर आहे. जंगलात बांधला काय आणि गाडीपाशी नेऊन बांधला काय, कागद तोच, असं तुम्हाला म्हणायचंय. म्हणून एक घरची गोष्ट सांगतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कराड-चिपळूण गाडी, कुंभार्ली घाट. त्यांचा नियम एकच: बसल्या जागी तिकीट. गर्दी असो, पाऊस असो, कोणाच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी असो, घाट सुरू व्हायच्या आत अख्ख्या गाडीची तिकिटं फाडून झालेली असायची आणि वेबिल भरलेलं असायचं. आई एकदा माहेरी निघाली होती, त्यांच्याच गाडीत. तिलाही तिकीट फाडून दिलं. ती घाट उतरेपर्यंत बोलली नाही त्यांच्याशी. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, उतरताना पैसे घेतले तर काय बिघडलं? ते म्हणाले, "चोरी चढण्या-उतरण्याच्या मधेच होते." जो कंडक्टर उतरताना तिकीट देतो म्हणतो त्याला तपासनीस दिसला तर तो तिकीट फाडतो, नाही दिसला तर पैसे खिशात. माणूस वाईट असतो असं नाही. मधला वेळ वाईट असतो.

हरणाचंही अगदी हेच आहे साहेब. पेनसिल्व्हेनियात साध्या लायसन्सबरोबर शिंगवाल्या नराचा एकच टॅग मिळतो, वर्षाला एक नर. तो टॅग जागेवर भरून बांधला की ते लायसन्स त्या नरापुरतं संपलं. 'गाडीपाशी गेल्यावर बांधतो' म्हटलं की दोनशे यार्डांत मन पालटायला भरपूर जागा असते. रस्त्यावर कोणी नाही, टॅग खिशात कोरा, आणि संध्याकाळची वेळ शिल्लक. अशा वेळी त्याहून मोठ्या शिंगांचा नर समोर आला तर सज्जन माणूससुद्धा क्षणभर विचार करतो. मी केला असता. म्हणूनच मला तो कागद आधी कानाला बांधलेला हवा असतो.

पुरावा म्हणून माझं पहिलं हरीण घ्या. साल 2011, पेरी काउंटी, थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. तेव्हा रायफलचा हंगाम सोमवारी सुरू व्हायचा, 2019 पासून तो शनिवारी आणला. (त्या सोमवारी इथल्या कित्येक शाळांना सुट्टी असायची. आमच्याकडे पोळ्याला असते तशी, म्हणून मला तो सोमवार अजून आवडतो.) मला घेऊन गेलेले माझे शेजारी म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलणारे. साडेनऊच्या सुमाराला ओढ्याच्या पलीकडे नर पडला. शिंगांना एका बाजूला चार टोकं. माझे हात असे थरथरत होते की रायफल रिकामी करायलाही वेळ लागला. आनंदाच्या भरात मी शिंगाला धरून ते दोन पावलं ओढलंही. मागून एकच शब्द आला: "टॅग." मी थांबलो. खिशातून पेन काढलं तर थंडीने शाई गोठलेली. लिहितोय, लिहितोय, कागदावर नुसते ओरखडे. शेजाऱ्यांनी काही न बोलता आपल्या शर्टाच्या आतल्या खिशातून दुसरं पेन काढून दिलं, अंगाच्या उबेत ठेवलेलं. दोरी आणायची विसरलो होतो. बुटाची नाडी कापली आणि तिने टॅग बांधला. मग हरणाचं पोट साफ केलं, मग ओढत रस्त्यापर्यंत. एका बुटाला नाडी नाही, बर्फ मोज्यात.

खाली रस्त्यावर गेम कमिशनचा, म्हणजे राज्याच्या शिकार-खात्याचा, अधिकारी उभा होता. त्याने आधी माझ्या नारिंगी जाकिटाकडे बघितलं, मग हरणाच्या कानाकडे. तारीख, वेळ, ठिकाण वाचलं, "छान नर आहे" म्हणाला आणि निघून गेला. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. या देशात येऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि हातात बंदूक असताना गणवेशातल्या माणसाने मला पहिल्यांदाच काही न विचारता जाऊ दिलं होतं. का? कानाला कागद होता म्हणून. तुम्ही याला पूजा म्हणा. मी आजही दोन पेनं आतल्या खिशात ठेवतो आणि बुटाच्या नाडीऐवजी प्लास्टिकची पट्टी नेतो.

आणि 'शेवटी एक कागद' म्हणताना एक बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत हरीण दिसणं ही बातमी व्हायची. जंगलं तोडली गेली होती आणि बाजारात विकण्यासाठी बेहिशेबी शिकार चालायची. गेम कमिशन 1895 मध्ये स्थापन झालं, बेकायदा मारलेले प्राणी राज्याबाहेर नेऊन विकण्यावर केंद्राचा लेसी कायदा 1900 मध्ये आला, आणि 1906 पासून तर दुसऱ्या राज्यांतून हरणं विकत आणून इथे सोडावी लागली. तुम्ही म्हणाल हरणं वाचली ती विक्री थांबली म्हणून, टॅगमुळे नाही. असेलही. पण 'एका माणसाला एक नर' हा नियम कोणत्या माणसाचा कोणता नर हे कळल्याशिवाय पाळायचा कसा, ते मला समजावून सांगा. आवाज न चढवता सांगितलंत तर जास्त बरं.

राहिलेले मुद्दे लवकर आवरतो.

विस्कॉन्सिन. तुमच्या राज्याने सक्ती काढली, नोंदणीवर भर दिला आणि तुमचं बरं चाललंय. छान. मी लेख पेनसिल्व्हेनियाबद्दल लिहिला होता. मुंबईत हेल्मेटची सक्ती आहे असं लिहिल्यावर कोणी 'आमच्या गावात कोणीच घालत नाही' असं कळवलं तर त्याला काय उत्तर द्यायचं? शिवाय दुसऱ्या दिवशी पाचपर्यंतची मुदत म्हणजे उतरताना तिकीट. मी कोणाचा मुलगा आहे ते वर सांगितलंय.

अहवाल न देणारे शिकारी. खरं आहे, इथे बरेच जण अहवाल देत नाहीत, आणि हे मला तुमच्याकडून कळलेलं नाही. पण ज्या वाक्याने तुम्ही टॅगचा निकाल लावलात तेच तुमच्यावर उलटतंय, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हंगामात गेम कमिशनची माणसं हरणाचं मांस कापून देणाऱ्यांच्या दुकानांत जातात. तिथे जबडा उघडून दात बघून वय ठरवतात, नर की मादी ते लिहितात आणि कानाच्या टॅगवरची माहिती उतरवून घेतात. मग आलेल्या अहवालांशी ती ताडून बघतात. दुकानात सापडलेल्या हरणांपैकी किती हरणांचा अहवाल आला यावरून न कळवणाऱ्यांचं प्रमाण काढतात आणि त्यावरून राज्यभराचा आकडा. म्हणजे 'लोक अहवाल देत नाहीत' हे तुम्ही इतक्या खात्रीने म्हणू शकता, तेही कानाला बांधलेल्या त्या कागदामुळेच. यावर मला आणखी काही लिहायची गरज वाटत नाही.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाबद्दल तुम्ही एका ओळीत 'आमच्याकडे 2002 पासून आहे' असं लिहून सोडून दिलंय. आमच्याकडे तो 2012 मध्ये सापडला. रोगग्रस्त भागांत डोकी तपासणीसाठी पेट्यांमध्ये टाकायची असतात, आणि तिथेही भरलेला, वाचता येणारा टॅग कानालाच असावा लागतो. नाहीतर ते डोकं कोणाचं आणि निकाल कोणाला कळवायचा? घरात लहान मुलं असलेल्या माणसाला फ्रीजरमधलं मटण शिजवायचं की नाही हे त्या निकालावर ठरवावं लागतं. याचा विचार तुमच्या सत्तावीस वर्षांत झाला असेलच.

मराठीत लिहिण्याबद्दल. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हरीण मारणं हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. मी इथल्या कायद्याप्रमाणे, इथल्या लायसन्सवर, इथलं व्हाइटटेल जातीचं हरीण मारतो आणि खातो. गरम मसाला घालून, खोबऱ्याच्या वाटणात. (पहिल्यांदा कुकरच्या शिट्ट्या मटणाच्या अंदाजाने केल्या आणि चपलेचा तळ खाल्ला, ते वेगळं.) इथे माझ्यासारखी मराठी माणसं आहेत जी पहिल्यांदा लायसन्स काढतात आणि इंग्रजी नियमावली वाचून झोपी जातात. त्यांच्यातले दोघे माझा लेख वाचून पेन घेऊन जंगलात गेले. हे मिरवणं असेल तर असो. तुम्ही सत्तावीस वर्षांत मराठीत एक ओळ लिहिलीत का शिकारीवर? ही प्रतिक्रिया सोडून म्हणतोय.

जरा चढलाच आवाज. असू दे. तुम्हीच सुरुवात केली होती.

मादी हरणांचं लायसन्स आता कुठे मिळतं असं तुम्ही शेवटी विचारलंय, त्याचं उत्तर सरळ आहे. गुलाबी पाकिटातून काउंटीच्या खजिनदाराला अर्ज पाठवायची पद्धत 2023 पासून बंद झाली, आता ते दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. त्याचाही टॅग वेगळा. तोही जागेवरच बांधायचा.

तर लेखात पाचचे दहा केले आहेत आणि त्याखाली 'दुरुस्ती: मॅडिसनकर यांच्या सूचनेवरून' असंही टाकलंय. 'हलवायच्या आधी' हे शब्द ठळक केले आहेत. पुढची प्रतिक्रिया 'अहो'ने सुरू केलीत तर त्याच दिवशी उत्तर देईन.