सर्बियन ही ना रशियनची बोली, ना संस्कृतची लेक

‘सर्बियन भाषेची थक्क करणारी रहस्ये’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. सर्बियन म्हणजे रशियनचीच बोली, लिपीही रशियन. ती संस्कृतची थेट कन्या. तिच्या शब्दांत स्वरच नसतात. आणि जगाला तिने दिलेला एकमेव शब्द ‘व्हँपायर’. माझी भाची नोकरीसाठी सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला निघालीय. ताईने हे वाचून तिला रशियनचा क्लास लावला, फीही भरून टाकली. म्हणून हा खटाटोप.

रशियन आणि सर्बियन दोन्ही स्लाव्ह कुळातल्या भाषा, इथवर ठीक. पण रशियन पूर्वेकडच्या शाखेतली, सर्बियन दक्षिणेकडच्या. बंगाली येतं म्हणून मराठी येईल, तितपतच हा हिशोब. बेलग्रेडचा टॅक्सीवाला ‘प्रावो’ म्हणाला तर सरळ जायचं. रशियनमध्ये ‘नाप्रावो’ म्हणजे उजवीकडे. ‘पोनोस’ सर्बियनमध्ये अभिमान, रशियनमध्ये जुलाब! भाचीने ऑफिसात कशाचा अभिमान बाळगायचा ते ताईनेच ठरवावं.

लिपीचंही तेच. रशियनसारखी सिरिलिकच आहे, पण सर्बियन भाषासुधारक वुक काराजिच यांनी 1818 साली व्हिएन्नात छापलेल्या शब्दकोशात घडवलेली: आज तीत 30 अक्षरं, एका ध्वनीला एक. त्यातली सहा रशियनमध्ये नाहीतच, आणि त्या सहांतलं एक तर त्यांनी चक्क लॅटिनमधून उचललं, त्यावरून धर्मगुरूंनी आरडाओरडा केला होता. 2006 च्या राज्यघटनेत अधिकृत लिपी सिरिलिक असली तरी दुकानांच्या पाट्यांवर, फोनवर लॅटिन सर्रास चालते. ‘पोलितिका’ हे दैनिक सिरिलिकमध्ये निघतं, ‘ब्लिट्स’ लॅटिनमध्ये.

आता ती ‘थेट कन्या’. फॉरवर्डमध्ये संस्कृतशी जुळणारे म्हणून दिलेले शब्द खरे आहेत, हे नाइलाजाने मान्य. उलट त्यांना चांगले शब्द सापडलेच नाहीत. नवऱ्याचा भाऊ सर्बियनमध्ये ‘देवेर’, संस्कृतात देवृ, आपला दीर. ‘येत्रवा’ म्हणजे यातृ, आपली जाऊ. ‘स्नाहा’ म्हणजे स्नुषा, आपली सून. सासरचा अख्खा गोतावळा जुळतो. पण बहिणी-बहिणींचे चेहरेही जुळतात, म्हणून एक दुसरीची आई होत नाही. आभाळाला सर्बियनमध्ये ‘नेबो’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘नेफोस’ म्हणजे ढग, संस्कृतात ‘नभस्’. मुळातले ए आणि ओ संस्कृतात दोन्हीकडे ‘अ’ होऊन बसलेत, सर्बियनमध्ये आणि ग्रीकमध्ये मात्र जागच्या जागी आहेत. आईने गमावलेले स्वर लेकीला वारशात मिळाले कुठून? दोघी एकाच जुन्या इंडो-युरोपीय मुळातून आल्या, इतकंच.

आणि शब्द मोजूनच नातं लावायचं तर 1966 साली सारायेव्होत निघालेला अब्दुलाह श्कालिच यांचा कोश उघडा. तेव्हाच्या सर्बो-क्रोएशियनमध्ये (सर्बियन आणि क्रोएशियन तेव्हा एकच भाषा धरत) तुर्कीच्या वाटेने आलेले आठ हजारांहून जास्त शब्द त्यात आहेत. ‘दुचान’ म्हणजे दुकान, ‘दुश्मान’ म्हणजे दुश्मन, ‘जेप’ म्हणजे खिसा, हिंदीतली जेब. मूळ अरबी-फारसी, आपल्याकडे एका वाटेने आले, तिकडे उस्मानी तुर्कांच्या राज्याबरोबर गेले. मग काय, सर्बियनला तुर्कीची मुलगी म्हणायचं? त्यावर फॉरवर्डवाले गप्प.

स्वर नसतात हे तर सपशेल खोटं. अ, ए, इ, ओ, उ असे पाच आहेत. ‘पृस्त’ (बोट), ‘मृत्यु’शी नातं सांगणारा ‘स्मृत’ (मरण) यांसारख्या शब्दांत ‘र’च स्वराचं काम करतो. ऋ शिकलेल्या माणसाला यात रहस्य वाटावं, कमाल आहे.

राहिला व्हँपायर. अर्धं खरं. उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना किसिल्येवो गावातल्या उठलेल्या मुडद्याची बातमी 1725 मध्ये व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात आली, आणि पुढे अशाच बातम्यांतून हा शब्द युरोपभर झाला. पण ‘एकमेव’? पापरिका (लाल मिरचीची पूड) खाता ना? ‘पापर’ म्हणजे मिरी, त्याला ‘इका’ लागून झालेला हा शब्द हंगेरियनमार्गे जगभर गेला. ‘पापर’ आला लॅटिन ‘पिपेर’वरून, तो ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये तो पोचला आपल्या पिप्पलीवरून. संस्कृतचा खराखुरा धागा हवा होता तर तो इथे होता, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.